परांची आणि कानगोष्ट

जुलै सरत आला की कोकणातल्या गडग्यांवर आणि सह्याद्रीच्या उतारांवर कळलावी फुलायला लागते. पाकळ्या वर उलटलेल्या, कडा चुणीदार, बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लालभडक. लांबून पाहिलं तर झुडपात कुणी पेटती चूड खोचून ठेवलीय असं वाटतं. पानाचं टोकच लांबून दोऱ्यासारखं होतं आणि मिळेल त्या काटकीला वेटोळं घालत वेल वर सरकते. खड्यानाग हे तिचं दुसरं नाव. संस्कृतात तिला लांगली म्हणतात, कारण जमिनीखालचा कंद नांगरासारखा वाकडा असतो. कंद जहाल विषारी.

‘कळलावी’ या नावाचा संबंध बाळंतिणीच्या कळांशी जोडतात. पण मराठीत कळ लावणं म्हणजे दोघांत भांडण पेटवून आपण नामानिराळं राहणं, आणि गेल्या साठेक वर्षांत प्रयोगशाळांनी या कंदातल्या विषाचा उपयोग केला तो या दुसऱ्या अर्थाने. विष पेशीत सोडायचं, नारदासारखं बाजूला उभं राहायचं आणि आत कुणाचं कुणाशी बिनसतं ते बघत बसायचं.

त्या विषाचं नाव कोल्चिसिन. गाऊट नावाच्या संधिवातावर डॉक्टर अगदी थोड्या मात्रेत देतात ते हेच. युरोपात ते शरद ऋतूत फुलणाऱ्या कोल्चिकम या वनस्पतीत सापडतं. पेलेत्ये आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनज्ञांनी १८२० मध्ये ते तिथून वेगळं काढलं. ते पेशीत नेमकं काय करतं हे कळायला मात्र १९६७ उजाडलं. शिकागो विद्यापीठात गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी किरणोत्सारी कोल्चिसिन घेतलं आणि ते पेशीतल्या कशाला जाऊन चिकटतं याचा माग काढला. एक प्रथिन हाती लागलं. पुढे त्याला ट्युब्युलिन नाव पडलं, कारण पेशीतल्या अतिसूक्ष्म नळ्या त्याच्याच विटांनी बांधलेल्या निघाल्या. कोल्चिसिन या विटांना धरून ठेवतं आणि नळी रचली जात नाही. म्हणजे हत्यार जवळजवळ दीड शतक आधी हाती आलं होतं, ते कुणाला लागतं हे नंतर कळलं.

या नळ्या, त्यांच्याहून बारीक ॲक्टिनचे तंतू आणि मधल्या जाडीचे दोर, या सगळ्यांना मिळून पाठ्यपुस्तकं ‘पेशीचा सांगाडा’ म्हणतात. शब्द रूढ आहे म्हणून मीही अधूनमधून वापरीन, पण तो मला कधी पटलेला नाही. सांगाडा म्हटलं की शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटाशेजारी टांगलेली हाडं आठवतात. पेशीतली ही रचना त्यापेक्षा बांधकामाच्या परांचीच्या जवळची आहे. परांची आज इथून सुटते, उद्या तिथे बांधली जाते. तिच्यावरून घमेली वर जातात. आणि तिसऱ्या मजल्यावर कुणी फळीवर धाडकन उडी मारली तर तळाशी बांबूला हात लावून उभ्या असलेल्या माणसाला ते न बघता कळतं. ही शेवटची गोष्ट या प्रकरणात फार कामाची आहे.

सूक्ष्मनलिका हे या परांचीतले बांबू. व्यास २५ नॅनोमीटर, आतून पोकळ, भिंत ट्युब्युलिनच्या बहुधा तेरा उभ्या ओळींची. सुतळीच्या जागी डेस्मिनचे दोर: जाडी दहाएक नॅनोमीटर, ताणले तरी सहसा न तुटणारे, स्नायूच्या एका पट्ट्याला शेजारच्या पट्ट्याशी जखडणारे. ॲक्टिन हृदयपेशीत दोन नोकऱ्या करतं. एक आकुंचनाच्या यंत्रात, मायोसिनच्या जोडीने ओढकामाची, आणि दुसरी पेशीच्या पटलाखाली जाळं विणण्याची. टायटिन नावाचा अजस्र रेणू, आपल्या शरीरातलं सर्वांत मोठं प्रथिन, स्प्रिंगसारखा वागतो. त्याची कथा स्वतंत्र प्रकरण मागते, म्हणून इथे त्याला नुसता रामराम.

*

हृदयाची एकेक पेशी सुटी करणं हे निम्मं शास्त्र आणि निम्मा हातगुण. उंदराचं हृदय महाधमनीतून एका नळीला टांगतात आणि त्याच्याच रक्तवाहिन्यांतून कोमट द्रावण सोडतात. द्रावणात कॅल्शियम नसतं, त्यामुळे धडधड थांबते आणि पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या कड्या सैल पडतात. मग कोलॅजेनेज हे विकर सोडायचं. पेशींच्या मधला तंतुमय गारा ते खात जातं. हृदय लिबलिबीत झालं की कात्रीने तुकडे करायचे आणि ड्रॉपरने हलक्या हाताने वरखाली करायचे. पेशी सुट्या होऊन तरंगू लागतात.

खरी कसोटी पुढे असते. आता कॅल्शियम परत द्यायचं, पण पायरीपायरीने. एकदम दिलं तर पेशी त्या लोंढ्याने आखडून मरतात. कॅल्शियम सोसणाऱ्या सुट्या पेशी हमखास मिळायला १९७० चं दशक यावं लागलं. भिंगाखाली जिवंत पेशी विटेसारखी लांबट चौकोनी दिसते. सुमारे शंभर ते सव्वाशे मायक्रोमीटर लांब, वीस-पंचवीस रुंद, आणि अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन-दोन मायक्रोमीटरवर आडव्या रेघा, सतरंजीच्या पट्ट्यांसारख्या. मेलेल्या पेशीचा गोळा होतो. विटा किती आणि गोळे किती यावर दिवस कसा जाणार ते ठरतं.

कॅल्शियमचं हृदयाशी असलेलं हे नातं योगायोगाने उघडकीला आलं. १८८२-८३ मध्ये लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवत होते. नंतर लक्षात आलं की ते पाणी ऊर्ध्वपातित नव्हतंच, साधं नळाचं होतं. शुद्ध पाण्यात तेच मीठ घातलं तर हृदय थोड्याच वेळात थांबलं. लंडनच्या नळातला चुना, म्हणजे कॅल्शियम, ते काम करत होता.

आज आकडे माहीत आहेत. पेशीबाहेर कॅल्शियम एक ते दोन मिलिमोलर असतं; आत, दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत, त्याच्या सुमारे दहा हजाराव्या हिश्श्याइतकं. ठोका पडताना आतली पातळी साधारण दसपट चढते, स्नायूचे तंतू एकमेकांवर सरकतात, आणि सेकंदाच्या आत कॅल्शियम उपसून पुन्हा कोठीत आणि पेशीबाहेर टाकलं जातं. मिनिटाला ७२ ठोके धरले तर हा भरती-ओहोटीचा खेळ दिवसाला एक लाखाहून जास्त वेळा होतो.

भरती कशी येते? पेशीच्या पटलाला जागोजाग खोल बोळ असतात. दर आडव्या रेघेपाशी पटल आत वळतं आणि पेशीच्या पोटात घुसतं. या टी-नलिका. विजेचा झटका या बोळांतून आत येतो आणि बोळाच्या भिंतीतली कॅल्शियमची चॅनलं उघडतात. त्यांतून आत येतं ते चिमूटभर. समोरच पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठीची भिंत असते आणि तिच्यावर रायनोडिन ग्राही नावाचे दरवाजे. चिमूटभर कॅल्शियम लागताच ते दरवाजे उघडतात आणि कोठीतला साठा बाहेर पडतो. कॅल्शियमने कॅल्शियम सोडवायचं, असा हा प्रकार. आलेक्झांद्र फाबियातो यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत, पटल सोलून काढलेल्या पेशींवर किचकट प्रयोग करून तो हृदयात तपशिलाने दाखवला.

पण यात एक मोठं कोडं होतं. कॅल्शियम जर कॅल्शियमला सोडवत असेल, तर एक दरवाजा उघडल्यावर त्याच्या कॅल्शियमने शेजारचा, त्याने पलीकडचा, असं करत सगळी कोठी प्रत्येक वेळी रिकामी व्हायला हवी. गवताच्या गंजीत काडी पडल्यासारखं. प्रत्यक्षात तसं होत नाही. झटका जेवढा, तेवढंच कॅल्शियम सुटतं.

उत्तर १९९३ मध्ये बाल्टिमोरहून आलं. हेपिंग चेंग, जोनाथन लेडरर आणि मार्क कॅनेल यांनी उंदराच्या पेशीत कॅल्शियम लागताच उजळणारा रंग भरला आणि लेझरचा ठिपका पेशीवरच्या एकाच रेघेवरून पुन्हा पुन्हा फिरवला. पेशी शांत होती, कुणी तिला डिवचलं नव्हतं. तरी पडद्यावर मधूनच एखादा ठिपका लखकन उजळायचा आणि शतांश सेकंदांत विझायचा. रुंदी सुमारे दोन मायक्रोमीटर. त्यांनी त्याला ठिणगी म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. पेशीची भरती म्हणजे एकच मोठी लाट नसून हजारो ठिणग्या एका दमात पडणं होतं, आणि एक ठिणगी सहसा शेजारच्या ठिकाणाला पेटवत नव्हती.

का पेटवत नव्हती, तर अंतरामुळे. टी-नलिकेची भिंत आणि कोठीची भिंत यांच्यामध्ये जेमतेम १२ ते १५ नॅनोमीटरची फट असते. आपल्या केसाच्या जाडीत अशा पाचेक हजार फटी मावतील. त्या फटीत शिरलेलं कॅल्शियम क्षणभर एवढं दाटतं की समोरच्या ग्राहीला ते ऐकू जातंच. फटीबाहेर पडलं की ते पातळ होतं, आणि रायनोडिन ग्राही मुळात कानाने जड. दोन मायक्रोमीटरवरच्या पुढच्या ठिकाणी पोचेपर्यंत त्याची कुजबुज झालेली असते. ही कानगोष्ट आहे. ती कुणी कुणाच्या कानात सांगायची हे रसायनशास्त्राने ठरत नाही, कोण कुणाच्या शेजारी बसलंय यावर ठरतं.

आणि बसण्याची व्यवस्था परांची बघते.

*

फट राखण्याचं सर्वांत थेट काम जंक्टोफिलिन-२ करतं. या प्रथिनाचं एक टोक कोठीच्या भिंतीत रुतलेलं, दुसरं टी-नलिकेच्या पटलाला टेकलेलं. दोन भिंतींमध्ये ठोकलेल्या पाचरीसारखं. जपानमध्ये हिरोशी ताकेशिमा यांच्या गटाने २००० मध्ये ते शोधलं. ज्या उंदरांत त्याचा जनुक काढून टाकला ते जन्माला येण्याआधीच मेले. त्यांच्या गर्भावस्थेतल्या हृदयात कॅल्शियमच्या भरतीला काही ताळतंत्र नव्हतं.

पण पाचर जागेवर पोचवायची कुणी? कॅल्शियमची चॅनलं तरी टी-नलिकेत आपोआप उगवत नाहीत. ती पेशीच्या आत तयार होतात, पुटकुळ्यांत भरली जातात आणि सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून वाहून नेली जातात. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात रॉबिन शॉ यांच्या गटाने दाखवलं की या रुळांचा शेवटचा थांबा ठरवणारं प्रथिन बिन-१ आहे. ते टी-नलिकेच्या पटलावर असतं, चॅनल घेऊन येणारी नळी त्याच्यापाशी अडते आणि माल तिथे उतरतो. निकामी होत चाललेल्या हृदयात बिन-१ कमी पडतं. चॅनलं बनतात, पण घमेलं वर जाण्याऐवजी भलतीकडेच रिकामं होतं.

या सगळ्यात मला सर्वांत बोलकी वाटते ती एका फ्रेंच कुटुंबाची गोष्ट. या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या हृदयाचे ठोके मंद आणि अनियमित होते, आणि काही जण श्रमाच्या किंवा भावनिक ताणाच्या क्षणी अचानक गेले. ईसीजीवर लांब क्यूटी नावाचा दोष दिसे. तोवर या दोषामागे सापडलेले जनुक सगळे चॅनलांचे होते, म्हणून इथेही चॅनलच बिघडलेलं असणार असं कुणीही धरून चाललं असतं. १९९५ मध्ये दोषाची जागा चौथ्या गुणसूत्रावर आहे एवढं कळलं. २००३ मध्ये पीटर मोहलर, व्हॅन बेनेट आणि सहकाऱ्यांनी जनुक ओळखला. तो अँकिरिन-बी या प्रथिनाचा निघाला, आणि त्यात १४२५ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लायसिन बसलं होतं. एवढाच फरक.

अँकिरिन म्हणजे नांगर. शेतातला नव्हे, जहाजाचा. पटलातल्या पंपांना तो पटलाखालच्या जाळ्याशी बांधून ठेवतो. कॅल्शियम बाहेर टाकून त्याबदली सोडियम आत घेणारा पंप, सोडियम उपसणारा पंप, कोठीवरचा एक निराळा दरवाजा: हे तिन्ही टी-नलिकांच्या आसपास एकत्र राहतात ते या नांगरामुळे. अँकिरिन निम्मं असलेल्या उंदरांच्या पेशींत हे तिन्ही जागा सोडून भटकू लागले, कॅल्शियमची भरती बेशिस्त झाली आणि मध्येच आगंतुक ठोके पडू लागले. एकही चॅनल सदोष नव्हतं. दोष होता बांधणारा दोर सुटल्याचा.

*

आता तिसऱ्या मजल्यावरच्या उडीकडे वळू.

हृदय दर ठोक्याआधी रक्ताने भरतं आणि ताणलं जातं. जास्त भरलं तर पुढचा ठोका जोरदार पडतो, हे ऑटो फ्रँक यांनी १८९५ मध्ये आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दाखवलं. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हा नियम तोंडपाठ असतो. पण यात कॅल्शियमचा वाटा किती? १९८२ मध्ये डेव्हिड ॲलन आणि सातोशी कुरिहारा यांनी हृदयाच्या स्नायूत एक्वोरिन भरलं. एक्वोरिन म्हणजे जेलीफिशपासून मिळणारं, कॅल्शियम लागताच चमकणारं प्रथिन. स्नायू ताणल्याबरोबर जोर वाढला, पण चमक तेवढीच राहिली. तंतूच कॅल्शियमला जास्त जागरूक झाले होते. पुढच्या काही मिनिटांत मात्र चमक हळूहळू चढत गेली आणि तिच्याबरोबर जोरही. म्हणजे ताणाला पेशीची दोन उत्तरं: एक त्या क्षणाचं, एक मिनिटांचं.

तिसरं उत्तर या दोघांच्या मध्ये दडलेलं होतं. २००९ मध्ये ऑक्सफर्डला गेंतारो इरिबे आणि पीटर कोल यांनी उंदराची एकच पेशी दोन टोकांना बारीक कार्बन-तंतूंनी धरली आणि हलकेच लांब केली. पहिल्या काही सेकंदांतच ठिणग्या वाढल्या. मिनिटभरात पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या. बाहेरून कॅल्शियम आत येण्याची वाट बंद केली तरी त्या वाढतच होत्या. मग कळलावीचं विष आणलं. कोल्चिसिनने सूक्ष्मनलिका विरघळवल्या आणि पेशी ताणली. ठिणग्या वाढेनात.

दोन वर्षांनी बाल्टिमोरमध्ये बेन प्रॉसर, ख्रिस्तोफर वॉर्ड आणि लेडरर यांनी मधली साखळी जोडली. पेशीची टोकं काचेच्या सूक्ष्म दांड्यांना जैविक डिंकाने चिकटवायची आणि लांबी आठेक टक्के वाढवायची. भरणाऱ्या हृदयात पेशी ताणली जाते साधारण तेवढीच. ताण सूक्ष्मनलिकांवर येतो. त्या ताणाने टी-नलिकेच्या पटलातलं नॉक्स-२ हे विकर जागं होतं आणि प्राणवायूपासून थोडे चटकदार, जरा तापट म्हणावेत असे रेणू तयार करतं. हे रेणू शेजारच्या रायनोडिन ग्राहीवर जातात आणि त्या कानाने जड पहारेकऱ्याला जरा तिखट कान देतात. आता तेवढीच कुजबुज त्याला मोठ्याने ऐकू येते. ठिणग्यांचा एक सटका उडतो. ताण गेला की ग्राही पुन्हा पेंगू लागतो.

हे सगळं मिलिसेकंदांत सुरू होतं. रेणू पसरत जाऊन एवढ्या लवकर निरोप पोचवू शकले नसते. बांबू हलला म्हणून कळलं.

सुदृढ पेशीत याचा उपयोग काय, यावर अजून मतं वेगळी आहेत. हृदयाच्या भिंतीतल्या सगळ्या पेशी सारख्या ताणल्या जात नाहीत. ज्या भागाला जास्त ओढ बसते त्याचे ग्राही तेवढेच अधिक सावध राहावेत म्हणून ही सोय असावी, असं लेडरर यांच्या गटाचं म्हणणं. मला ते पटण्यासारखं वाटतं. पण आजारी पेशीत काय होतं यावर वाद नाही. ड्यूशेन हा स्नायू झिजवणारा आजार डिस्ट्रॉफिन नसल्याने होतो, आणि डिस्ट्रॉफिन पटलाला आतल्या जाळ्याशी बांधणारं. ते नसलेल्या उंदरांत परांची विस्कटलेली आणि दाट असते, नॉक्स-२ जास्त असतं, आणि त्यांच्या हृदयपेशींना तेवढाच ताण दिला की ठिणग्यांवर भागत नाही. एक ठिणगी दुसरीला पेटवते आणि कॅल्शियमची लाट पेशीभर धावत सुटते. इथे गंजीत खरोखरच काडी पडते. बिघडलेल्या ठोक्यांचं बीज यातच आहे.

*

परांची दाट होणं हे फक्त ड्यूशेनपुरतं नाही. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये जॉर्ज कूपर यांच्या गटाने मांजरांच्या फुप्फुसधमनीवर अडसर घातला, म्हणजे उजव्या कप्प्याला दर ठोक्याला जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागेल. काही दिवसांनी त्या कप्प्याच्या पेशी जाडजूड झाल्या, पण पूर्वीइतक्या आखडेनात. आत पाहिलं तर सूक्ष्मनलिकांचं रान माजलेलं. कोल्चिसिन दिलं, रान उतरलं, आणि पेशी पुन्हा जवळजवळ नेहमीसारख्या आखडू लागल्या. १९९३ चा हा शोधनिबंध त्या काळी अनेकांना अतिशयोक्त वाटला. हृदय थकतं ते आकुंचनाचं यंत्र थकल्यामुळे, असं मानण्याची सवय होती. यंत्र शाबूत आणि भोवतीची परांचीच आडवी येतेय, हे पचायला जड गेलं.

२०१४ मध्ये आयोवात लाँग-शेंग साँग यांच्या गटाने या चित्रात कॅल्शियमची बाजू भरली. दाबाने दमलेल्या उंदरांच्या हृदयात सूक्ष्मनलिका दाट झाल्या, तेव्हा जंक्टोफिलिनच्या पाचरी रेघांवर न पोचता पेशीच्या कडेला जाऊन साठू लागल्या. पाचर नाही म्हणून फट नाही, फट नाही म्हणून कानगोष्ट नाही, टी-नलिका विस्कटल्या. कोल्चिसिन दिलेल्या उंदरांत हे नुकसान बरंच टळलं. म्हणजे रूळ नसले तर माल पोचत नाही, आणि रूळ नको तेवढे झाले तर चुकीच्या जागी पोचतो.

कोल्चिसिनच्या प्रयोगांबद्दल एक शंका मात्र मनात ठेवलेली बरी. भिंत पाडली आणि आवाज थांबला, म्हणून आवाज भिंतीतूनच येत होता असं सिद्ध होत नाही. भिंतीबरोबर आणखीही काही पडलेलं असतं. नळ्या विरघळल्या की त्यांचं ट्युब्युलिन पेशीत मोकळं फिरू लागतं आणि वाहतूकही ठप्प होते. गेल्या दशकातली खरी प्रगती झाली ती सगळी परांची न पाडता एकेक बांबू तपासायला लागल्यापासून.

ट्युब्युलिनच्या एका प्रकाराच्या शेपटीच्या अगदी टोकाला टायरोसिन हे अमिनो आम्ल असतं. पेशी ते कापून टाकू शकते आणि पुन्हा चिकटवूही शकते. ही जोडाजोडी आर्जेंटिनातल्या कोर्दोबा इथे १९७० च्या दशकात दिसली होती. जोडणारं विकर तेव्हाच कळलं. कापणारं कोण, हे चाळीसेक वर्षं सापडत नव्हतं. २०१७ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी ते पकडलं: व्हॅसोहिबिन. टोक कापलेल्या नळ्या जास्त काळ टिकतात आणि डेस्मिनच्या दोरांना घट्ट धरतात. तात्पुरता उभा केलेला बांबू कायमचा बांधून टाकल्यासारखं होतं.

२०१६ मध्ये प्रॉसर यांच्या पेनसिल्व्हेनियातल्या प्रयोगशाळेने हे प्रत्यक्ष चित्रित केलं. उंदराच्या हृदयपेशीत सूक्ष्मनलिका चमकत्या केल्या आणि ठोका पडताना भराभर छायाचित्रं घेतली. पेशी आखडताना प्रत्येक नळी नागमोडी वाकत होती, जणू दोन टोकांनी दाबलेली छडी, आणि पेशी सैल पडताच पुन्हा सरळ होत होती. वाकायला बळ लागतं. तेवढं बळ दर ठोक्याला आकुंचनातून वजा होतं. टोक कापणं कमी केलं की तीच नळी वाकण्याऐवजी बाजूने सरकून जायची आणि पेशी जास्त आखडायची. जी नळी ताणाचा निरोप ठिणगीपर्यंत नेते, तीच नळी आकुंचनाला अडवतेही.

मग कोल्चिसिनची गोळीच का देऊ नये? अमेरिकेत २०२३ मध्ये हृदयविकाराचा झटका टाळण्यासाठी कमी मात्रेच्या कोल्चिसिनला मान्यता मिळाली खरी, पण त्यामागचा विचार रक्तवाहिन्यांतला दाह कमी करण्याचा आहे, हृदयपेशीतले बांबू सोडवण्याचा नाही. ते बांबू सोडवायला जी मात्रा लागेल ती आतड्यातल्या, मज्जातंतूंतल्या, अस्थिमज्जेतल्या नळ्याही सोडवून ठेवेल. कळलावीचा कंद खाल्लेल्या माणसाला आधी हगवण आणि उलट्या लागतात, त्या याच कारणाने. म्हणून आता व्हॅसोहिबिनला फक्त हृदयात आवर घालता येईल का, हे पाहणं चालू आहे.

तोवरचा सर्वांत थेट पुरावा २०१८ चा आहे, आणि तो माणसांच्या पेशींचा आहे. प्रॉसर यांच्या गटाने निकामी हृदयांतल्या पेशी सुट्या केल्या. नळीला टांगणं, द्रावण सोडणं, थेंबाथेंबाने कॅल्शियम परत देणं, सगळं तसंच. त्यांत टोक कापलेल्या सूक्ष्मनलिका आणि डेस्मिन दोन्ही वाढलेले होते. काही पेशींना कोल्चिसिन दिलं, काहींत टायरोसिन परत जोडणारं विकर वाढवलं. पेशी मऊ पडल्या, आणि गेलेल्या आकुंचनशक्तीतला ४० ते ५० टक्के हिस्सा परत आला. विटा बशीत पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त आखडत होत्या. त्या ज्या छात्यांतून काढल्या होत्या तिथे तोवर दुसऱ्या कुणाचं हृदय धडधडत होतं.